कुंकळ्ळीचा उठाव आणि ‘क्रिस्तपुराणा’ची भूमी

१

युरोपातील धर्मसुधारणेची चळवळ आणि महाराष्ट्रातील भागवत संप्रदाय यांची तुलना मराठी विचारविश्वाला नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या, मराठी सत्तेच्या उदयावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात ती प्रथम भक्कमपणे मांडली. तेव्हापासून ल्यूथर आणि एकनाथ ही दोन नावे शेजारी ठेवण्याची आपल्या वाङ्मयचर्चेला सवय झाली आहे. धर्मग्रंथ लोकभाषेत आणणे, ईश्वर आणि भक्त यांच्यामधील मध्यस्थाचे महत्त्व कमी करणे, प्रपंचात राहूनही परमार्थ साधतो असा धीर सामान्य माणसाला देणे, ही साम्ये डोळ्यांत भरण्यासारखीच आहेत.

परंतु या तुलनेची एक बाजू आपण फारशी उलटून पाहिलेली नाही. जर्मनीतील धर्मसुधारणेला अवघी सात वर्षे होतात न होतात तोच तिच्या पोटातून शेतकऱ्यांचे एक प्रचंड बंड निघाले. लोकभाषेत आलेल्या धर्मग्रंथाचा अर्थ कुळवाड्याने आपल्या शेताच्या बांधावर उभे राहून लावला, आणि तो सरदारांना, मठाधिपतींना व अखेरीस स्वतः ल्यूथरलाही सोसवला नाही. धर्माचा प्रश्न आणि जमिनीचा प्रश्न त्या एका वर्षात एकजीव झाले होते. मराठी भूमीवर त्याच शतकात हे दोन प्रश्न असे एकत्र कोठे भेटले, असे विचारले तर उत्तर पैठणला किंवा पंढरपूरला मिळत नाही. ते गोव्याच्या सासष्टीत, कुंकळ्ळी या गावी मिळते. तेथे १५८३ साली जे घडले ते धर्माच्या इतिहासात एका नावाने आणि स्वातंत्र्याच्या इतिहासात दुसऱ्या नावाने नोंदले गेले आहे. वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ते जवळजवळ नोंदलेच गेले नाही. आणि तरीही मराठीतील एक थोर काव्य, फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’, त्याच तालुक्याच्या मातीतून तेहतीस वर्षांनी उगवले. या दोन गोष्टींचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

तुलनेचा उपयोग व्हावा म्हणून जर्मन बंडाचे स्वरूप थोडक्यात ध्यानी घेतले पाहिजे. १५२४ च्या उन्हाळ्यात, श्वार्त्सवाल्ड अरण्याच्या दक्षिणेस श्ट्यूलिंगन येथे त्याची पहिली ठिणगी पडली. सुगीच्या ऐन दिवसांत तेथील उमरावाच्या पत्नीने कुळांना सूत गुंडाळण्यासाठी गोगलगाईंचे शंख वेचायला धाडले, अशी कथा त्या काळापासून सांगितली जाते. कारण एवढे क्षुल्लक असेल किंवा नसेल. पण ज्या वेठबिगारीने माणूस पिचून निघतो तिचे मर्म त्या कथेत अचूक उतरले आहे.

पुढल्या वर्षी, मार्च १५२५ मध्ये, मेमिंगन या शहरात शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी आपल्या मागण्यांची बारा कलमे तयार केली. झेबास्टियान लोत्सर हा कातडी कमावणारा कारागीर आणि क्रिस्टोफ शापेलर हा धर्मोपदेशक ही तिच्या कर्तृत्वाशी जोडली जाणारी नावे. दोन महिन्यांत या कलमांच्या सुमारे २५,००० प्रती छापल्या गेल्या. पहिलेच कलम असे की, गावाचा धर्मोपदेशक निवडण्याचा व गैरवर्तन केल्यास त्याला दूर करण्याचा हक्क गावाला असावा. दुसरे धान्याच्या दशमांशाविषयी, तिसरे भूदासपणाच्या अंताविषयी. पुढल्या कलमांत शिकार, मासेमारी, जंगलातील लाकूड, वेठ, खंड आणि न्यायदान यांची गाऱ्हाणी येतात. दहाव्यात, पूर्वी साऱ्या गावाची असलेली कुरणे व शेते ज्यांनी गिळंकृत केली त्यांनी ती परत करावीत असे म्हटले आहे. कलमांच्या समासात बायबलमधील वचनांचे आधार दिलेले आहेत, आणि शेवटच्या कलमात, यांपैकी कोणतीही मागणी धर्मवचनाशी विसंगत ठरली तर आम्ही ती मागे घेऊ, अशी कबुली आहे.

जर्मन कुळवाडी याआधीही उठले होते. पण तेव्हा ते ‘जुन्या रिवाजा’च्या नावाने बोलत. आता ते ‘देवाच्या कायद्या’च्या नावाने बोलू लागले. रिवाज प्रत्येक खोऱ्याचा वेगळा; देवाचा कायदा सर्वत्र एकच. ल्यूथरने नवा करार जर्मनीत आणला तो १५२२ च्या सप्टेंबरात. अडीच वर्षांत त्याच्या भाषांतराने खेड्यांना एक समान भाषा दिली होती. भाषांतरकाराला जो अर्थ अभिप्रेत होता तो आत्म्याच्या मोकळीकीचा. वाचकाने घेतला तो देहाच्या आणि शेताच्या मोकळीकीचा. ल्यूथरने प्रथम उमरावांनाही दोष दिला. पण मे १५२५ मध्ये त्याने शेतकऱ्यांच्या विरुद्ध जी पुस्तिका लिहिली तिच्यात त्यांना निर्दयपणे ठेचून काढण्याचे आवाहन होते. १५ मे रोजी फ्रांकनहाउझनच्या लढाईत बंडाचा कणा मोडला, आणि त्याच महिन्यात टोमास म्युन्त्सरचा शिरच्छेद झाला. एकूण मृतांचा अंदाज एक लाखापर्यंत केला जातो.

या इतिहासातून आपल्या कामाचे दोन धागे घेता येतात. गावाची उपासना कोणी ठरवावी, हा एक. गावाच्या सामाईक जमिनीवर कोणाची सत्ता, हा दुसरा. हेच दोन धागे घेऊन गोव्याकडे वळू.

३

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये तिसवाडी जिंकली. सासष्टी आणि बारदेश त्यांच्या हाती आले ते १५४३ मध्ये, विजापूरच्या आदिलशाहीकडून. सासष्टी या नावातच तिची सहासष्ट गावे आहेत. या गावांची व्यवस्था ‘गावकरी’ या संस्थेच्या हाती होती. गावकर म्हणजे गावच्या मूळ कुळांचे वंशज. जमीन कोणा एकाची नव्हे, गावकरांच्या समूहाची. तिचा लिलाव किंवा वाटप गावसभेत होई, आणि सरकारदेणे सारे गाव मिळून भरी. जर्मन बंडाच्या नंतरच्याच वर्षी, १५२६ मध्ये, आफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे रीतिरिवाज लेखी नोंदवून त्यांना राजमान्यता दिली. चार माणसे ओसाड बेटावर आली, त्यांनी ते लागवडीखाली आणले आणि पुढे त्यांनाच गावकर म्हणू लागले, अशी मूळकथा त्या दस्तऐवजाच्या आरंभीच येते. म्हणजे परक्या राज्यकर्त्यानेही आरंभी हे मान्य केले होते की, ज्याने भूमी घडवली त्याचीच ती.

‘घडवली’ हा शब्द येथे अक्षरशः घ्यायचा आहे. गोव्यातील नद्यांच्या काठची खाजन शेती समुद्राच्या भरतीपासून हिरावून घेतलेली असते. मातीचे बांध घालावे लागतात, मानशीची दारे भरती-ओहोटीप्रमाणे उघडावी-मिटावी लागतात. एका ठिकाणी बांध फुटला तर खारे पाणी सगळ्यांच्या भातात शिरते आणि जमीन कित्येक वर्षे नापीक होते. अशी जमीन एकट्याने राखता येत नाही. दामोदर कोसंबी हे स्वतः गोव्याचे. त्यांनी १९६२ च्या आपल्या निबंधसंग्रहात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील ग्रामसंस्थेवर जे लिहिले आहे त्यात पुराणकथेच्या पलीकडे जाऊन हा जमिनीचा व श्रमाचा पाया पाहण्याचा प्रयत्न आहे. तो आपल्याकडील वाङ्मयाभ्यासकांनी अधिक मनावर घ्यायला हवा होता.

या व्यवस्थेत देऊळ कोठे होते? अगदी मध्यभागी. गावच्या उत्पन्नातून देवळाचा खर्च चाले. देवाच्या नावे जमिनी लावलेल्या असत. पुजारी, वाजंत्री, भाविणी, कुंभार, परीट यांचे वतन त्या जमिनींवर अवलंबून असे. उत्सवात कोणत्या कुळाचा मान पहिला, यावरून गावसभेत कोणाचा शब्द पहिला हे ठरे. गावसभा आणि देवसभा या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. म्हणून देऊळ पाडणे म्हणजे केवळ मूर्ती फोडणे नव्हे. गावचे दप्तर, गावची तिजोरी आणि गावची चावडी एकाच घावाने उलथणे होय.

हा घाव सासष्टीवर पडला तो १५६७ मध्ये. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झाले होते. धर्मप्रसाराचे क्षेत्र म्हणून सासष्टी जेझुइट पंथाकडे सोपवलेली होती. राशोलच्या किल्लेदाराच्या नेतृत्वाखाली त्या एका वर्षात सासष्टीतील देवळे पाडली गेली. जेझुइटांच्या पत्रांतच हा आकडा २८० दिलेला आहे. देवळांच्या जमिनी व त्यांचे उत्पन्न पुढे चर्चच्या खर्चाला लावण्यात आले. जर्मनीतील शेतकऱ्याचे दहावे कलम येथे मराठी-कोकणी मातीत उभे राहिलेले दिसते: जे साऱ्या गावाचे होते ते कोणी घेतले?

जेझुइट पंथ हा स्वतःच युरोपातील त्या उलथापालथीचे अपत्य होता. ल्यूथरने दुभंगलेल्या चर्चला सावरण्याच्या काळात, १५४० मध्ये, त्याला पोपची मान्यता मिळाली. त्यामुळे सासष्टीच्या खेड्यात क्रूस रोवायला येणारा पाद्री आपल्यामागे जर्मनी, इंग्लंड आणि इटलीतील सारा धर्मकलह घेऊन येत होता, जरी गावकराला त्याची गंधवार्ता नसली तरी.

४

सासष्टीच्या दक्षिण टोकाला, साळ नदीच्या खोऱ्यात, कुंकळ्ळी, असोळणे, वेळ्ळी, आंबेली आणि वेरोडे ही पाच गावे आहेत. आदिलशाही मुलूख येथून हाकेच्या अंतरावर. या गावांनी पाडलेली देवळे पुन्हा उभारली, सरकारदेणे देण्यास नकार दिला, आणि नव्या धर्माला गावात पाय ठेवू दिला नाही. बारा वांगडांच्या, म्हणजे बारा घराण्यांच्या, गावकरांचे कुंकळ्ळी हे त्यांतले पुढारी गाव. कर नाकारणे आणि देऊळ उभारणे या दोन कृती येथे एकाच संकल्पाच्या दोन बाजू आहेत. एकीला आर्थिक आणि दुसरीला धार्मिक म्हणून वेगळे करणे ही आपली आजची सोय आहे.

त्यांच्याविरुद्ध लष्करी मोहिमा निघाल्या. पोर्तुगालचा मुकुट १५८० पासून स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या मस्तकी होता. गोव्यातील राज्यकर्त्यांना खजिन्याची चणचण आणि धर्माचा आवेश दोन्ही होते. मोहिमांबरोबर पाद्रीही असत. पिएत्रो बेर्नो याने पुन्हा उभारलेली देवळे जाळण्यात भाग घेतला, आणि गाय मारून पूज्य वारूळ भ्रष्ट करण्यात आले, या गोष्टी जेझुइट इतिहासकारांनीच, तेही गौरवाच्या सुरात, नोंदवून ठेवल्या आहेत.

१५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट कुंकळ्ळीस आले. त्यांचा प्रमुख रुदोल्फो आक्वाविवा. तो इटलीच्या एका मोठ्या उमराव घराण्यातला आणि जेझुइट पंथाच्या तत्कालीन सर्वाधिकाऱ्याचा पुतण्या होता. तीन वर्षे तो फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात धर्मचर्चा करून नुकताच परतला होता. त्याच्याबरोबर बेर्नो, आल्फोंसो पाशेको, आंतोनियो फ्रांसिस्को हे पाद्री आणि फ्रांसिस्को अरान्या हा चर्चबांधणीचे काम जाणणारा बंधू होता. गोंसालो रॉड्रिग्स हा एक पोर्तुगीज रहिवासी व आसपासचे काही ख्रिस्ती सोबत होते. चर्चसाठी जागा निवडणे आणि तेथे क्रूस उभा करणे हा त्यांचा उद्देश. गावात सभा भरली. थोड्याच वेळात हत्यारबंद जमाव त्यांच्यावर चालून आला. रॉड्रिग्सने बंदूक उचलली तेव्हा पाशेकोने त्याला अडवले, आपण लढायला आलेलो नाही असे सांगितले. पाचही जेझुइट, रॉड्रिग्स आणि चौदा स्थानिक ख्रिस्ती मारले गेले. त्यांत लहान मुलेही होती. प्रेते विहिरीत टाकण्यात आली.

निःशस्त्र उभ्या राहिलेल्या माणसांच्या या हत्येवर कोणतेही रंगकाम करण्याचे कारण नाही. जर्मन बंडातही असे दिवस होते. परंतु हत्येचे कारण शोधताना ‘आंधळा मूर्तिपूजक द्वेष’ एवढ्यावर थांबणारे वर्णन अपुरे आहे. जागा निवडणे ही साधी गोष्ट नव्हती. गावची जमीन गावसभेला न विचारता बाहेरच्या माणसाने आखून घ्यायची, आणि त्या आखणीबरोबर गावची उपासना, मान आणि उत्पन्न यांचीही आखणी बदलायची, असा त्या क्रूसाच्या खांबाचा अर्थ गावकराला १५६७ च्या अनुभवाने पुरेपूर कळला होता. मेमिंगनच्या शेतकऱ्याने म्हटले होते, आमचा धर्मोपदेशक आम्ही निवडू. कुंकळ्ळीच्या गावकराने तेच म्हटले. मात्र कलम लिहून नव्हे.

सूड लवकरच घेतला गेला. असोळण्याच्या किल्ल्यात बोलणी करण्यासाठी म्हणून पुढाऱ्यांना बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची कत्तल झाली. सोळा गेले, पंधरा मारले गेले, एक नदीत उडी टाकून निसटला, अशी स्मृती गावाने जपली आहे. गावकरांचे जमिनीवरील हक्क काढून घेण्यात आले. जमीन एका पोर्तुगीज उमरावाला दिली गेली व पुढे ती जेझुइटांच्या ताब्यात आली. म्हणजे जे कुळवाडी आजवर सामंतशाहीच्या बाहेर होते त्यांना या बंडाच्या शिक्षेने सामंतांच्या हाताखाली घातले. जर्मनीत सामंतांविरुद्ध बंड झाले. येथे बंडातून सामंत जन्मले. हा फरक लहान नाही.

देवीला गावकरांनी सीमेपलीकडे नेले. शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आजही फातर्प्याला आहे, जे त्या वेळी पोर्तुगीज हद्दीबाहेर होते. गाव सोडूनही तिने गावाचे नाव सोडलेले नाही. वर्षातून एकदा बारा वांगडांच्या बारा रंगीत छत्र्यांची मिरवणूक कुंकळ्ळीत येते. पुढे तेथील बहुसंख्य घरे ख्रिस्ती झाली. पण वांगडांची आठवण धर्मांतराने पुसली नाही, आणि त्या उत्सवात दोन्ही धर्मांचे लोक दिसतात. जप्त झालेल्या दप्तराचे काम येथे छत्र्यांनी केले आहे.

५

आता आपण वाङ्मयाकडे येऊ. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला. एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक राहणे धोक्याचे झाले होते. स्वदेशातील धर्मसुधारणेने ज्याला देशोधडीला लावले तो माणूस सासष्टीत आला आणि तेथेच उरलेली चाळीस वर्षे राहून १६१९ साली वारला. कुंकळ्ळीच्या घटनेनंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबर १५८३ मध्ये, त्याने पॅरिसमधील आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्या पत्रात आपल्या पाच सहकाऱ्यांच्या मृत्यूची हकिगत आहे. आणि त्याच पत्रात, या देशातील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी जुळणारी आहे, असे निरीक्षणही आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृतच्या या नात्याची घोषणा केली ती १७८६ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधी एका कानाने ते नाते ऐकले होते.

भाषाशास्त्राचे अभ्यासक या पत्रातून भाषांविषयीचे वाक्य उचलतात. चर्चचे इतिहासकार हौतात्म्याची हकिगत उचलतात. पण पत्र एक आहे, लिहिणारा हात एक आहे. ज्यांच्या हातून आपले सोबती मारले गेले त्यांचीच बोली आपल्या पूज्य अभिजात भाषांची सगोत्र आहे, हे दोन्ही त्या हाताला एकाच बैठकीत लिहावेसे वाटले. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘क्रिस्तपुराणा’चे बीज या बैठकीत शोधले पाहिजे. तलवारीने गाव ताब्यात येते, पण गावाचा शब्द ताब्यात येत नाही. तो शिकावा लागतो, हे स्टीफन्सला कळले होते.

‘क्रिस्तपुराण’ राशोल येथे १६१६ मध्ये रोमी लिपीत छापले गेले. दोन पुराणे, सुमारे अकरा हजार ओव्या. बायबलचा उद्धारकथेचा भाग स्टीफन्सने मराठी पुराणाच्या घाटात ओतला. स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवीची चाल धरली, आणि या भाषेची थोरवी इतक्या प्रेमाने गायिली की तो भाग आजतागायत शालेय पाठांतरात आहे. पहिल्या पुराणाच्या आरंभी एक प्रसंग आहे. सासष्टीत मुलांना ख्रिस्ती शिकवण दिली जात असताना एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की, पूर्वीची पुराणे आम्हाला वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागी वाचायला आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? या प्रसंगाला सामान्यतः काव्याची प्रस्तावना म्हणून वाचले जाते. आपण तो साक्षीपुरावा म्हणूनही वाचावा. ‘पूर्वीची पुराणे वर्ज्य केली’ या शब्दांमागे १५६७ आहे. जेथे ग्रंथांची रिकामी फळी नव्हती तेथे नव्या ग्रंथाची अशी मागणी काव्यारंभी घालण्याचे प्रयोजन उरत नाही.

याच दशकांत मराठी पुराणवाङ्मयाचे दुसरे एक मोठे काम गोव्यापासून फार दूर, काशीत, सिद्धीस गेले होते. एकनाथांनी आपले भागवत वाराणसीत पुरे केले ते शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेस, म्हणजे १५७३ साली. त्यांनीच ग्रंथाच्या शेवटी तसे नमूद केले आहे. कुंकळ्ळीपूर्वी दहा वर्षे. संस्कृत ग्रंथ प्राकृतात आणला म्हणून काशीच्या पंडितांनी घेतलेल्या आक्षेपाची कथा सर्वश्रुत आहे. त्या कथेचा शेवट सन्मानाने होतो, ग्रंथ हत्तीवरून मिरवला जातो. काशीशी गोव्याचे नातेही त्या काळापासूनचे आहे. पेशव्यांनी अठराव्या शतकात बांधलेल्या बालाजी घाटाला लागून जो पंचगंगा घाट आहे तेथे गोकर्ण-पर्तगाळी मठाचे जुने स्थान आहे, आणि थोड्याच अंतरावर, ब्रह्मा घाटावर, काशीमठ आहे. दोन्ही गोमंतक-कोकणातील सारस्वतांच्या परंपरेचे. ज्यांच्यापाशी साधने होती त्यांना गाव मोडल्यावर जाण्यासाठी मठ होता, तीर्थ होते, गंगेचा काठ होता. खाजनाच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाला असा दुसरा काठ नव्हता. त्याची जमीन हाच त्याचा मठ. म्हणूनच बालाजी घाटाच्या पायऱ्यांवरून दिसणारे सोळावे शतक आणि कुंकळ्ळीच्या बांधावरून दिसणारे सोळावे शतक एक नव्हे. आपल्या वाङ्मयेतिहासाने पहिलेच अधिक पाहिले आहे.

एकनाथांचे भागवत आणि ल्यूथरचा नवा करार यांच्या तुलनेतही येथे एक गोष्ट स्पष्ट होते. दोघांनीही धर्मग्रंथ लोकांच्या ओठी आणला. पण एकाच्या वाचकाने तीन वर्षांच्या आत जमिनीचा हिशेब मागितला आणि दुसऱ्याच्या श्रोत्याने तसा मागितला नाही. याचा दोष एकनाथांकडे जात नाही. छापखाना, शहरांतील कारागिरांची साक्षरता आणि एकाच वचनाच्या पंचवीस हजार प्रती या गोष्टी जर्मन शेतकऱ्याच्या पाठीशी होत्या. मराठी श्रोत्याच्या पाठीशी कीर्तन होते. कीर्तनाने मनाला समता दिली. तीतून मागणीपत्र निघायला मराठीत जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पर्यंत, म्हणजे १८८३ पर्यंत, थांबावे लागले. गोव्यात छापखाना १५५६ पासून होता. पण तो कुंकळ्ळीकरांचा नव्हता.

६

हेच या उठावाचे वाङ्मयीन मर्म आहे. मेमिंगनच्या शेतकऱ्यांचा पराभव झाला, पण त्यांची बारा कलमे उरली, आणि १८५० मध्ये एंगेल्सला त्यांच्यावर ग्रंथ लिहिता आला. कुंकळ्ळीच्या गावकरांनी एकही ओळ मागे ठेवली नाही. त्यांच्याविषयी आपण जे वाचतो ते त्यांच्या प्रतिपक्षाने पोर्तुगीज, लॅटिन, इटालियन किंवा इंग्रजीत लिहिलेले. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पोप तेराव्या लिओने धन्यपद दिले. गावच्या पुढाऱ्यांसाठी कुंकळ्ळीत स्मारक उभे राहिले ते २००३ मध्ये. स्मृतीच्या या दोन वेगांत एक शतकाहून अधिक अंतर आहे, आणि त्याचे कारण लेखणी कोणाच्या हाती होती हे आहे.

परंतु उठावाचा गौरव करतानाही विवेक सोडता येणार नाही. गावकर हे जर्मन भूदासांसारखे तळाचे लोक नव्हते. ते गावचे धनी होते. गावात कुणबी होते, वतनी सेवक होते, ज्यांना गावसभेत जागा नव्हती आणि देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता. ‘गावाची जमीन गावाची’ म्हणताना ‘गाव’ या शब्दात कोण कोण येते, हा प्रश्न त्या सभेने स्वतःला विचारलेला नव्हता. मारल्या गेलेल्या चौदा स्थानिक ख्रिस्त्यांना जुनी व्यवस्था टाकून नवी का जवळ करावीशी वाटली असेल, याचे एक उत्तर या प्रश्नात असू शकते. परक्या सत्तेविरुद्धचा झगडा न्याय्य असतो म्हणून आतील विषमता न्याय्य ठरत नाही. जर्मन बंडातही गावचे सधन शेतकरी पुढे होते आणि भूमिहीन मजूर मागे, हे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. तुलना येथे आपल्याला नम्र करते.

मग ‘क्रिस्तपुराण’ कसे वाचावे? धर्मप्रसाराचे हत्यार म्हणून ते बाजूला सारणे हा एक मार्ग; भाषेचे स्तोत्र म्हणून त्याला डोक्यावर घेणे हा दुसरा. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाल्यापासून मराठी वाचकाने बहुतांशी दुसरा मार्ग पत्करला, आणि तो अगदीच अनुचित नाही. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातील मुद्रणावर (१९५८) आणि इन्क्विझिशनवर (१९६१) दोन स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ते दोन्ही शेजारी उघडे ठेवले की तिसरा मार्ग दिसू लागतो. ज्या राज्याने ग्रंथ जाळले त्याच राज्यात हा ग्रंथ छापला गेला. ज्या गावांचा शब्द दडपला गेला त्याच गावांच्या शब्दांनी त्याची ओवी भरली आहे. स्टीफन्सने जी मराठी ऐकली ती ग्रंथांतून तशीच सासष्टीच्या बाजारांतून, बांधांवरून आणि घरांतून ऐकली. आणि त्या घरांतले काही आवाज १५८३ च्या सभेत उठलेले होते.

भाषांतर करणाऱ्या माणसाला एक गोष्ट कामातून उमगते. परक्याचा आशय आपल्या भाषेत आणताना भाषा निमूट सेवा करीत नाही. ती स्वतःच्या आठवणी त्या आशयात मिसळते. ‘वैकुंठ’ म्हटले की स्वर्ग येतो, पण त्याच्यासोबत वैकुंठही येतो. स्टीफन्सने आपल्या देवासाठी जागा मागितली, आणि ती त्याला मराठीने दिली. क्रूसाच्या खांबासाठी गावसभेला न विचारता घेतलेल्या जागेसारखी ती नव्हती. म्हणूनच ती टिकली. कुंकळ्ळीत बळाने जे साधले नाही ते राशोलच्या छापखान्यात विनवणीने साधले, ही त्या काव्याची खरी थोरवी आहे. आणि ही थोरवी कळायची असेल तर त्या काव्याच्या कोणत्याही आवृत्तीच्या प्रस्तावनेत, १६१६ या सालाच्या आधी, १५६७ आणि १५८३ ही दोन साले आली पाहिजेत. ज्या बंडाला स्वतःचे मागणीपत्र लिहिता आले नाही त्याचे एवढे देणे मराठी समीक्षेकडे लागते.